बंब कोणाला हवा होता

आमच्या नातेवाइकांत माझ्या बायकोची एक गोष्ट लग्नकार्यात हमखास सांगितली जाते. सगळं नाशिक गिझरवर आणि सोलरवर गेलं, तरी हिने माहेरचा तांब्याचा बंब सोडला नाही. वडिलांनी लग्नात दिलेला म्हणून हट्टाने पेटवत राहिली. त्यापायी मुलगा-सून वेगळे राहायला गेले, पण बंब काही गेला नाही. सांगणारा हसतो, ऐकणारे हसतात, आणि कोणीतरी माझ्या पाठीवर थाप मारून म्हणतं, "तुम्ही बिचारे कसं सहन केलंत हो?" मी मान हलवतो. तशी मान हलवण्यात मी तरबेज झालो आहे.

ही गोष्ट खोटी आहे आणि ती मी पसरवली आहे. बंब मला हवा होता. माझं वय आता शहात्तर आहे. हिच्या नावावर चिकटलेला हा हट्टीपणा माझा आहे, एवढं मला लिहून ठेवायचं आहे. नातेवाइकांनी हे वाचावं आणि पुढच्या लग्नात गोष्ट सांगायचीच असेल तर माणूस बदलून सांगावी.

ज्यांनी बंब पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कमरेएवढं उंच तांब्याचं पिंप, त्याच्या पोटातून गेलेली एक उभी नळी. नळीत वरून लाकडं आणि कोळसे टाकायचे. राख खाली पडते, धूर वर जातो, आणि नळीभोवतीचं पाणी तापतं. खाली बाजूला पितळी तोटी. आमच्या घरात नियम असा होता की ज्याने बादलीभर गरम पाणी काढलं, त्याने बादलीभर गार पाणी वरून ओतायचं, म्हणजे मागच्यालाही पाणी मिळतं. नियम मी केला होता. पाळायची ही. पहिली आंघोळ माझी असे. मी टॉवेल गुंडाळून बाहेर पडलो की मागे बादली ओतल्याचा आवाज यायचा, आणि तो ऐकून आपल्या घरात शिस्त आहे असं मला वाटायचं.

मी अंबड एमआयडीसीत एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो. पहिली पाळी असली की सहाला घर सोडावं लागे. म्हणजे ही पाचच्या आधी उठून बंब पेटवायची. जळणाची व्यवस्था माझ्याकडे होती आणि तिचा मला फार अभिमान होता. कारखान्यात नवी मशिनं यायची, त्यांच्या खोक्यांच्या फळ्या मी गेटपास करून आणायचो. लासलगावकडून हिचा भाऊ द्राक्षबागेच्या छाटणीच्या काड्या पाठवायचा. रविवारी अंगणात बसून मी त्या सगळ्या एका मापाच्या कापायचो आणि भिंतीशी रचून ठेवायचो. कॉलनीतली माणसं थांबून बघायची. मी त्यांना सांगायचो, बंबाचं निम्मं काम माझ्याकडे आहे. उरलेलं निम्मं म्हणजे पेटवणं, फुंकणं, पाणी भरणं, राख काढणं, चिंच लावून तांबं घासणं आणि डोळे चोळणं.

बंब का हवा, ह्याची कारणं मी लोकांना बरीच सांगायचो. बंबाच्या पाण्याने अंग मोकळं होतं. गिझरचं पाणी कोरडं असतं. पाणी कोरडं कसं असेल, असं कोणी विचारलं नाही, कारण सांगणारा मेंटेनन्सचा माणूस होता. खरं कारण मला तेव्हाही ठाऊक होतं. कारखान्यात मी दिवसभर दुसऱ्यांच्या हाकेला धावायचो. मशीन बंद पडलं की "बोलवा त्याला", आणि चालू झालं की माझी आठवण कोणाला नाही. घरात मात्र मी डोळे उघडायच्या आधी माझ्या एकट्यासाठी जाळ झालेला असायचा. पांघरुणात त्या धुराचा वास आला की आपण कोणीतरी आहोत असं वाटायचं. एवढंच होतं. एवढ्यासाठी मी एका बाईला चाळीस वर्षांहून जास्त पाचच्या आधी उठवलं.

तिने एकदा विषय काढला होता. मुलगा तेव्हा शाळेत होता. मेथी निवडता निवडता ती म्हणाली, "अहो, शेजारी गिझर घेतलाय. बटण दाबलं की झालं. आपण बघू या का?"

मी विजेचा शॉक, आपल्या बोअरिंगचं खारं पाणी, टाकीत साठणारा क्षार आणि एकंदर विजेचा भरवसा ह्यांवर बोललो. बराच वेळ बोललो.

"नको म्हणायचं होतं तर नको म्हणायचं ना," ती उठत म्हणाली. "दोन जुड्या निवडून झाल्या तरी तुमचं चालूच आहे."

पुन्हा तिने विषय काढला नाही. मी त्याचा अर्थ तिला पटलं असा घेतला.

सोळा वर्षांपूर्वी आम्हाला नात झाली. सून बाळाला घेऊन माहेरून आली तेव्हा डिसेंबर होता. दारं-खिडक्या गच्च बंद, आणि मागच्या दाराजवळ, न्हाणीच्या तोंडाशी बंब. एरवी बाहेर जाणारा धूर घरातच फिरायचा. बाळ शिंकायचं, मग खोकायचं, मग रडायचं. सून काही बोलली नाही, पण एका सकाळी मुलगा मला गच्चीवर घेऊन गेला.

"बाबा, गिझर बसवून टाकू. मी आणतो. तुम्हाला काही करायचं नाही."

मी पाण्याच्या टाकीचं झाकण उगाच सारखं करत राहिलो. हो म्हणण्यात काही अडचण नव्हती. पण गिझरविरुद्ध कॉलनीभर इतकी भाषणं दिलेली, आता आपल्याच घरी तो कसा लावायचा? आणि नाही म्हणायची लाज वाटत होती, कारण खाली बाळ खोकत होतं. मग तोंडातून निघालं, "माझं काही नाही रे. तुझ्या आईला चालणार नाही."

"मग मी आईला विचारतो."

"विचारू नकोस. तिच्या वडिलांनी दिलेली वस्तू आहे. ते आता नाहीत. तुझ्यासमोर हो म्हणेल आणि आत जाऊन रडेल."

मुलगा गुणी. त्याने आईला विचारलं नाही, बायकोला सांगितलं. सून त्याच्याहून गुणी. तिनेही विचारलं नाही. आमच्याकडे सगळे एकमेकांचं मन जपत होते, आणि ज्या बाईचं मन जपायचं चाललं होतं ती मागच्या दाराशी बसून नळीत फुंकर मारत होती.

त्या उन्हाळ्यात मुलाने गंगापूर रोडला फ्लॅट घेतला. ऑफिस जवळ पडतं, पुढे शाळाही जवळ पडेल, असं सांगितलं. निघताना सून हिच्या पाया पडली आणि म्हणाली, "आई, बंबाला जपा." एवढंच, पण ते ज्या सुरात म्हटलं तो सूर ह्या घरात पूर्वी ऐकू आला नव्हता.

ती गेल्यावर ही मला म्हणाली, "असं का बोलली हो ती? माझं काही चुकलं का?"

मी पेपर वाचत होतो. "नव्या पोरी," मी म्हणालो. "बोलतात काहीतरी."

हे वाक्य आजही मला आंघोळीच्या वेळी आठवतं.

पुढची पंधरा वर्षं सून सणावाराला यायची, सगळं नीट करायची, पण हिच्याशी वागायची पाहुण्यासारखी. नात यायची ती दोन दिवसांची पिशवी भरून. परत निघताना ती पिशवी भरायला लागली की ही बघत बसायची. नातेवाइकांत मात्र बंबाची गोष्ट तयार झाली होती. पहिल्यांदा ती कोणाच्या तोंडून ऐकली आठवत नाही, पण ऐकल्यावर मी खुलासा केला नाही हे पक्कं आठवतं. उलट पुढे मीच त्यात दोन-चार बारकावे घातले. हिच्यासमोर कोणी ती सांगत नसे. बायकोच्या भावनेचा प्रश्न आहे, तिच्यापुढे नको, असं मीच लोकांना बजावून ठेवलं होतं.

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता हिचा खोकला वाढला. सुनेने गाडी आणली आणि आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली आणि विचारलं, "आजी, घरात चूल आहे का?"

"बंब आहे," मी सांगितलं.

"बंब? अजून?"

आणि सवयीने मी बोलून गेलो, "हिला सोडवत नाही हो. माहेरचा आहे."

ही माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली होती. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. हिचे वडील लासलगावच्या मार्केट यार्डात मापाडी होते, कांद्याची मापं करायचे. काट्याला कोणी बोट लावलं तर ते ओरडत नसत, नुसते त्या बोटाकडे बघत, असं म्हणतात. तसं पाहिलं तिने. सून डॉक्टरांना म्हणाली, "मी समजावते आईंना. त्यांचा जीव आहे त्यात, पण समजावते."

घरी आल्यावर तिने चहा ठेवला आणि कप माझ्यापुढे आणून म्हणाली, "हे पातेलंही माहेरचंच आहे. ह्यातला चालेल ना?"

मी चहा प्यायलो. खरं सांगायची वेळ ती होती. मी बिस्किट मागितलं.

त्याच आठवड्यात मुलाचा फोन आला. सोलर बसवायचा का, आईला कसं पटवायचं? मी म्हणालो, ते माझ्यावर सोड. मग स्वयंपाकघरात जाऊन हिला म्हटलं, "सोलर बसवू या का?"

"कधी?" ती म्हणाली.

पटवापटवी एवढीच झाली. दोन दिवस थांबून मी मुलाला फोन केला आणि सांगितलं, फार जड गेलं, पण तयार झाली. सगळ्या घराने माझं कौतुक केलं. सुनेने मला पेढे आणले.

सोलर बसवायला जो प्लंबर आला तो चाळिशीचा, शांत माणूस होता. मला काका म्हणायचा. गच्चीवर पहिल्या दिवसापासून आमचं वाजलं. गार पाण्याची टाकी सोलरच्या टाकीपेक्षा उंच हवी, म्हणून जुनी टाकी विटांच्या ओट्यावर चढवावी लागेल, असं तो म्हणाला. मी म्हणालो, कारखान्यात मी इतकी वर्षं पाणी खेळवलंय. तो म्हणाला, "काका, पाण्याला तुमचा अनुभव माहीत नाही. ते वरून खालीच येणार." ओटा बांधला. मग काचेच्या नळ्यांची दिशा. दक्षिण कुठली ते मी त्याला हाताने दाखवायला लागलो.

"काका, दक्षिण कुठे जात नाही," तो म्हणाला. "तुम्ही तेवढे बाजूला व्हा. नळ्यांवर तुमचीच सावली पडलीय."

खाली ही तांदूळ निवडत बसली होती. तिला सगळं ऐकू जात होतं. तिचे खांदे हलत होते.

दोन दिवस ऊन खाऊन पाणी तापलं आणि प्लंबरने मला न्हाणीतला नळ सोडायला सांगितला. मी हात धरला. गार पाणी! मी तिथूनच ओरडलो, "मी सांगितलं होतं! गार येतंय!"

"पाइपातलं साठलेलं आधी येणार काका. अर्धी बादली जाऊ द्या."

मी जाऊ दिलं नाही, हात तसाच धरून बोलत राहिलो. वाक्य अर्धं झालं असताना हात भाजला. ही खोबरेल तेलाची बाटली घेऊन आली. ती तिने आधीच शोधून ठेवली होती, असा मला संशय आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून आणि मुलगा मुद्दाम आले. आईला वाईट वाटेल, सोबत हवी, म्हणून. पहिली आंघोळ हिने करायची असं सुनेने ठरवलं. लग्न झाल्यापासून ह्या घरात माझ्या आधी हिने गरम पाण्याने आंघोळ केलेली मला आठवत नाही. ती आत गेली. पाव तास झाला, अर्धा तास झाला. मी दार वाजवलं. "अगं, बरी आहेस ना?"

"बोलू नका," आतून आवाज आला. "पाणी येतंय."

पाऊण तासाने ती बाहेर आली, तोंड लालबुंद, डोळे लाल. खाटेवर बसली आणि स्वतःशीच म्हणाली, "ह्यात फुंकायचं काहीच नाही हो." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "काहीच नाही."

सुनेने ते लाल डोळे पाहिले. मला बाजूला घेऊन ती म्हणाली, "बाबा, बघितलंत? आत रडल्या त्या. आपल्यासाठी सोडला त्यांनी बंब." मी म्हणालो, "हं."

बंब मोडीत देतो असं सांगून मुलाने तो गाडीत घातला. ही स्वतः एका बाजूने धरून दारापर्यंत ओढत गेली. सुनेला तेही धैर्यच वाटलं.

महिन्याभराने हिचा सत्तरावा वाढदिवस आला. संध्याकाळी मुलगा, सून, नात सगळे आले. केक टेबलावर होता. हिला आतल्या खोलीत बसवून ठेवलं होतं. मग सून तिला डोळ्यांवर हात ठेवून हॉलमध्ये घेऊन आली.

"आई, आता बघा."

टीव्हीच्या शेजारी, हिच्या नेहमीच्या खुर्चीच्या समोर, बंब उभा होता. जुन्या नाशकातल्या तांबटाकडून तो असा उजळून आणला होता की त्यात आम्हा सगळ्यांची लांबट तोंडं दिसत होती. तोटीला झेंडूची माळ. आत एक पिवळा बल्ब लावला होता, त्यामुळे खालच्या जाळीतून निखाऱ्यासारखा उजेड येत होता. चार दिवस खपून केलेलं काम होतं ते.

सून बोलायला लागली. "आई, मी इतकी वर्षं तुमच्यावर मनात राग धरला. बाळापेक्षा ह्यांना बंब मोठा, असं वाटायचं मला. वडिलांची आठवण काय असते ते माझे वडील गेल्यावर मला कळलं. मला माफ करा. आता हा कायम तुमच्या डोळ्यांसमोर राहील."

"डोळ्यांसमोर," ही म्हणाली.

तिने बंबाकडे पाहिलं, मग सुनेकडे. मग खुर्चीत बसली आणि म्हणाली, "छान घासलाय हो."

मला कळलं की ती एवढंच म्हणणार. सुनेचं मन मोडायचं नाही म्हणून हा बंब मरेपर्यंत समोर ठेवून घेणार, रोज पुसणार, मालिका बघताना त्याच्याकडेही बघणार. आणि मी शेजारच्या खुर्चीत बसून मान हलवणार.

"बंब हिला नको होता," मी म्हणालो.

"बाबा, आधी केक कापू द्या," मुलगा म्हणाला.

"हिला कधीच नको होता. मला हवा होता. गच्चीवर मी तुला खोटं सांगितलं."

नात मेणबत्ती पेटवत होती, तिने काडी विझवली. मुलगा म्हणाला, "पण तुम्ही म्हणालात आई रडेल."

"म्हणालो."

"आणि दवाखान्यात?" सून.

"तेही."

"आणि आता, सोलरला पटवायला दोन दिवस लागले ते?"

"ती 'कधी' म्हणाली. तेवढंच."

"मी तुम्हाला पेढे दिले बाबा," सून म्हणाली.

ती हिच्याकडे वळली. "आई, मग तुम्ही का नाही काही बोललात? इतकी वर्षं?"

"मला कुठे माहीत होतं? मी किती हट्टी आहे ते मला तुझ्या डॉक्टरणीसमोर कळलं." ही पदराने तोंड पुसत म्हणाली. "बंबाला जपा म्हणून गेलीस, तेव्हा मला वाटलं, खरंच जपायला सांगतेय की काय. तू तरी एकदा विचारलंस का गं मला?"

नात म्हणाली, "म्हणजे मी गंगापूर रोडला वाढले ते आजोबांमुळे?"

"हो," ही म्हणाली. मग माझ्याकडे बोट करून, "पण अजून अर्धंच सांगितलंय त्यांनी. बैठकीचं सांगा."

"कुठल्या बैठकीचं?" मी विचारलं. मला खरोखर आठवत नव्हतं.

"लग्न ठरलं त्या बैठकीचं. माझे वडील म्हणाले होते, एकच वस्तू जमेल. शिवणाचं मशीन देऊ का बंब? मी शिवणाची परीक्षा पास झालेली. घरात सगळे धरून चालले होते, मशीन. आणि तुम्ही काय म्हणालात?"

मग मला ते ओसरीवरचं घोंगडं आठवलं, चहाच्या बशा आठवल्या आणि माझाच तरुण, ऐटबाज आवाज आठवला. "बंब द्या," मी म्हणालो होतो. "नाशकाला थंडी फार." हे मी पार विसरून गेलो होतो. तिने वडिलांची आठवण जपली, हे इतक्यांदा सांगितलं की बंब आपण मागून घेतला होता ही गोष्ट माझ्या डोक्यातून गळूनच गेली. खोटं बोलणाऱ्याला निदान खरं आठवत असतं, असं मी समजत होतो.

कोणी ओरडलं नाही. सून माझ्याशी संध्याकाळभर बोलली नाही आणि केकचा सगळ्यांत लहान तुकडा तिने माझ्या बशीत ठेवला. नंतर ती हिला घेऊन स्वयंपाकघरात गेली. दार लोटलेलं होतं. बराच वेळ दोघींचा हळू आवाज येत होता, मध्ये कोणीतरी नाक ओढल्याचा, आणि मग एकदम दोघी हसल्या. कोणाला हसल्या हे सांगायला नको.

बंब त्याच रात्री परत गाडीत गेला. "घासलाय चांगला, फेकू नका," ही म्हणाली, "पण माझ्या घरात नको." तो आता मुलाच्या फ्लॅटच्या दाराशी उभा आहे. वरचं झाकण काढून त्यात ते छत्र्या ठेवतात.

मला वाटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ही पहिली आंघोळ करून आली, माझ्यापुढे वही-पेन ठेवलं आणि म्हणाली, "घरच्यांना कळलं. बाकीच्यांचं काय?"

"बाकीचे कोण?"

तिने नावं सांगायला सुरुवात केली. तिचा भाऊ, माझी बहीण, शेजारच्या बाई, माझ्या कारखान्यातले दोघे, डॉक्टरीणबाई. डॉक्टरीणबाई कशाला, असं मी विचारलं. "त्यांनी माझ्या कागदावर लिहून ठेवलं असेल, पेशंट ऐकत नाही म्हणून." त्यामुळे मी दवाखान्यात जाऊन तासभर रांगेत बसलो आणि आत जाऊन सांगितलं की बंब माझा होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बरं. खोकला कसा आहे त्यांचा?" खोकला कमी आहे. मेव्हणा फोनवर म्हणाला, "आणि मी दर साली काड्या पाठवत होतो." त्याने फोन ठेवला, मग दोन दिवसांनी पुन्हा केला आणि हिच्याशीच बोलला.

सगळ्यांत शेवटी राहिली हिची थोरली बहीण. ती मालेगावला दिलेली, वय ब्याऐंशी. बंबाची गोष्ट सगळ्यांत रंगवून तीच सांगते, आणि तिला ऐकू कमी येतं. घरातून फोन केला तर तिला काही कळेना, म्हणून ही म्हणाली, "अंगणात या, तिथून आवाज नीट जातो." मी अंगणात उभा राहिलो. दुपारची चारची वेळ, कॉलनीतले सगळे गॅलरीत. ही खुर्ची घेऊन बसली.

"ताई, बंब मला हवा होता!"

"काय?"

"बंब! मला! हिला नको होता!"

"कोणाला नको होता?"

"अजून जोरात," ही म्हणाली.

"तुमच्या बहिणीला नको होता! मीच हट्टी! मी खोटं बोललो!"

समोरच्या गॅलरीतल्या बाईंनी वाळत घातलेला टॉवेल काढून पुन्हा घातला. मग मोठी बहीण म्हणाली, "मंग मी लय वर्सं तिला उगाच बोल लावला का? दे तिला फोन."

मी फोन हिच्या हातात दिला. ती ऐकत राहिली. बराच वेळ ऐकत राहिली. दोनदा म्हणाली, "जाऊ दे गं," आणि एकदा, "नाय गं, आता खरंच नाय," तिच्या लासलगावच्या बोलीत, जी मला हल्ली क्वचितच ऐकू येते. तिने तोंड कुंपणाकडे फिरवलं होतं. मग ती वळली आणि फोन माझ्यापुढे धरला.

"ताई म्हणते, तिला नीट ऐकू आलं नाही. पुन्हा सांगा."

मी फोन कानाला लावला. तो तिने आधीच बंद केलेला होता. ती खुर्चीत मागे रेलून माझ्याकडे बघत होती.

मी पुन्हा सांगितलं, जोरात.